पॉट्सव्हिल मरून्स आणि १९२५ चं विजेतेपद: वाद नेमका कशावरून

एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगच्या, रेकॉर्डमध्ये १९२५ चे चॅम्पियन म्हणून शिकागो कार्डिनल्स आहेत. अमेरिकेतल्याच पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पॉट्सव्हिल गावाने ते कधीच मान्य केलं नाही, कारण त्यांच्या मते ते विजेतेपद गावाच्या टीमचं, मरून्सचं. दर काही वर्षांनी हा विषय परत निघतो आणि प्रत्येक वेळी अर्धीच गोष्ट सांगितली जाते, म्हणून मागचं थोडं मांडतोय.

पॉट्सव्हिल कोळशाच्या पट्ट्यातलं. टीम १९२० च्या आसपास उभी राहिली, मरून हे नाव जर्सीच्या रंगावरून पडलं, १९२४ मध्ये ते कोळसापट्ट्यातल्या लोकल लीगमध्ये खेळले आणि १९२५ ला एनएफएलमध्ये आले. मालक एक सर्जन, टीमचा सगळ्यात दणकट धावणारा खेळाडू लहान वयातच खाणीत कामाला लागलेला.

इतक्या छोट्या गावाला लीगने घेतलं त्यामागे रविवारचं गणित होतं. पेन्सिल्व्हेनियात तेव्हा रविवारी तिकीट लावून खेळ भरवायला कायद्याने मनाई होती. फिलाडेल्फियात हा कायदा पाळला जायचा, त्यामुळे तिथली फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स घरच्या मॅच शनिवारी घ्यायची, पण कोळसापट्ट्यात त्याकडे कोणी फारसं लक्ष देत नव्हतं. म्हणजे बाहेरून आलेली टीम शनिवारी फ्रँकफर्डला आणि रविवारी पॉट्सव्हिलला खेळून एकाच प्रवासात दोन मॅचचे पैसे घेऊन जाऊ शकत होती. पुढे भांडण जुंपलं ते याच दोन शेजाऱ्यांत.

नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्डने पॉट्सव्हिलला २०-० ने हरवलं आणि दोनच आठवड्यांनी, २९ तारखेला, पॉट्सव्हिलने त्यांना ४९-० ने धुतलं. मग ६ डिसेंबरला शिकागोत जाऊन कार्डिनल्सला २१-७ हरवलं. तेव्हा प्लेऑफ, फायनल असं काही नव्हतंच, विजयाची टक्केवारी बघायची, बरोबरीची मॅच धरायची नाही, आणि वेळापत्रक ज्याचं त्याने ठरवायचं. पण टेबलच्या वरच्या दोन टीम समोरासमोर आल्या होत्या म्हणून पेपरवाल्यांनी आणि लोकांनी त्यालाच फायनल मानलं.

आता मुख्य मुद्दा. १२ डिसेंबरला पॉट्सव्हिलने फिलाडेल्फियातल्या शाइब पार्कवर नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी स्टार खेळाडूंच्या टीमशी एक प्रदर्शनीय सामना खेळला. कारण सरळ होतं, घरचं मैदान शाळेचं, छोटं, मोठा गल्ला मोठ्या शहरातच मिळणार. फ्रँकफर्डने तक्रार केली की हा आमचा इलाखा आहे, आणि त्याच दिवशी त्यांची घरची मॅचही होती. लीगच्या अध्यक्षाने खेळू नका म्हणून बजावलं, तरी पॉट्सव्हिल उतरली आणि शेवटच्या फील्ड गोलवर (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळवलेले गुण) ९-७ जिंकली. लगेच निलंबन, आणि उरलेली लीग मॅचही गेली.

पॉट्सव्हिलचं म्हणणं असं की लीगच्या ऑफिसमधून फोनवर आधी परवानगी मिळाली होती. लीगचं म्हणणं, एकदा नाही तीनदा ताकीद दिली. मला विचाराल तर इलाख्याचा नियम होता, तो मोडला, शिक्षा व्हायला हवी होती, यात वाद नाही. व्यावसायिक फुटबॉल तेव्हा रोज कुठे ना कुठे बुडत होता, प्रत्येक टीमला स्वतःचं शहर सुरक्षित ठेवणं ही लीगची गरज होती आणि प्रदर्शनीय मॅच म्हणून तिला सूट द्यायची तर नियमाला अर्थच उरला नसता.

पण त्याच आठवड्यात शिकागोत काय झालं ते बघा. पॉट्सव्हिलकडून हरल्यावर कार्डिनल्सने घाईघाईने दोन मॅच जोडल्या. १० तारखेला मिलवॉकीला ५९-० हरवलं आणि १२ ला हॅमंडला १३-०. मिलवॉकीकडे पुरेसे खेळाडूच नव्हते, म्हणून शिकागोच्या एका हायस्कूलची चार पोरं खोट्या नावांनी उतरवली, आणि ती जमवून दिली कार्डिनल्सच्याच एका खेळाडूने. लीगला कळल्यावर दोन्ही मालकांना दंड झाला, मिलवॉकीच्या मालकाला टीम विकायला सांगितलं, खेळाडूवर बंदी आली (ती नंतर उठली). निकाल मात्र रेकॉर्डमध्ये राहिला.

आणि सगळं तिथेच अडतं, कारण त्या निकालासकट कार्डिनल्स ११ विजय, २ पराभव, १ बरोबरी, टक्केवारी .८४६. पॉट्सव्हिल १०-२, म्हणजे .८३३. शाळकरी पोरांची ती मॅच काढली तर कार्डिनल्सही १०-२ वर येतात, टक्केवारी अगदी सारखी, आणि आमनेसामने जिंकलेली टीम पॉट्सव्हिल. निलंबनाचा मुद्दा राहतोच, पण "टेबलवर कार्डिनल्स पुढे होते" हे जे सहज सांगितलं जातं त्यातला पुढे असण्याचा भाग त्या एका मॅचवर उभा आहे. एका टीमला भलत्या शहरात खेळल्याबद्दल हाकललं आणि दुसरीला शाळकरी पोरांविरुद्धचा विजय ठेवू दिला, हे मला कधीच पटलेलं नाही.

कार्डिनल्सच्या तेव्हाच्या मालकालाही असं विजेतेपद नको होतं, त्याने ते नाकारलं. ते टीमचं म्हणून सांगायला लागला तो १९३० च्या दशकात टीम विकत घेतलेला नंतरचा एक मालक, आणि टीम आजही त्याच कुटुंबाकडे आहे.

पॉट्सव्हिलला १९२६ मध्ये परत घेतलं, कारण समोर नवी प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली होती आणि चांगली टीम तिकडे जाऊ द्यायची नव्हती. त्या वर्षी १०-२-२ खेळले, पुढची दोन वर्षं वाईट गेली, १९२९ ला टीम बोस्टनला हलली आणि एका सीझनमध्ये संपली.

त्यानंतरचं सगळं मीटिंगमधलं. १९६३ मध्ये लीगने प्रकरण पुन्हा तपासलं, मत १२-२ पॉट्सव्हिलच्या विरोधात. गावाने स्वतःच कोळशातून कोरलेली ट्रॉफी बनवली, ती कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये (व्यावसायिक फुटबॉलच्या संग्रहालयात) आहे. २००३ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने पाठिंबा दिला तरी प्रकरण उघडण्याविरुद्ध ३० मालक, बाजूने फक्त पेन्सिल्व्हेनियातल्या दोन टीम. कार्डिनल्स शिकागोहून सेंट लुईस, तिथून ॲरिझोनाला गेले, आणि त्यांच्या नावावर एवढ्या वर्षांत दोनच विजेतेपदं आहेत, १९२५ आणि १९४७, त्यामुळे त्यांच्याकडून हे सुटण्याची शक्यता मला तरी दिसत नाही.