सर्पदंश व त्यावरील प्रथमोपचार

सर्पदंश म्हणजे साप चावल्याने होणारी जखम आणि साप विषारी असल्यास होणारी विषबाधा. ग्रामीण महाराष्ट्रात सापाचे नाव घेणे टाळून ‘पान लागले’ किंवा ‘जनावर चावले’ असे म्हणतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आहेत.

भारतातील बहुतेक गंभीर विषबाधा नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे होतात. धामण, दिवड, तस्कर, नानेटी बिनविषारी आहेत. फसगत होते ती कवड्या आणि मण्यार यांच्यात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. मण्यारीचे थोडे मागून सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत जातात. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत हा फरक दिसेल अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये.

विष म्हणजे सापाची बदललेली लाळच. डोळ्यामागच्या ग्रंथीत ते तयार होते आणि विषदंतातून भक्ष्याच्या शरीरात उतरते. त्यात मुख्यतः प्रथिने व विकरे (एन्झाइम) असतात. नाग आणि मण्यार यांचे विष चेता (मज्जातंतू) आणि स्नायू जिथे जोडलेले असतात तिथे घाव घालते. मेंदूचा निरोप चेतेच्या टोकाशी असिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने सुटतो आणि स्नायूवरील ग्राहींना, म्हणजे तो निरोप टिपणाऱ्या रेणूंना, मिळतो. नागाचे विष या ग्राहींवर ठाण मांडते, तर मण्यारीचे विष चेतेचे टोकच निकामी करते. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे व गिळणे अवघड होते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठवणारे घटक इतक्या वेगाने खर्ची पाडते की नंतर रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही बंद पडू शकतात. म्हणूनच रुग्णालयात दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का, हे पाहतात. साधी नळी आणि घड्याळ, एवढ्यावर होणारी ही चाचणी लहान दवाखान्यांसाठी फार मोलाची आहे.

प्रथमोपचाराचा पाया याच जीवशास्त्रात आहे. विषातील मोठे रेणू बऱ्याच अंशी लसीकावाहिन्यांतून, म्हणजे लसीका (लिम्फ) हा शरीरद्रव वाहून नेणाऱ्या नलिकांतून, पसरतात, आणि लसीकेला हृदयासारखा पंप नसतो. स्नायूंच्या हालचालीने ती पुढे ढकलली जाते. चावलेला माणूस धावला की विषही धावते. म्हणून त्याला धीर देऊन आडवे करावे, पाय किंवा हात फळीला सैल बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवावा आणि उचलूनच वाहनापर्यंत न्यावे. सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढावेत. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

दोरीने करकचून बांधणे ही सर्वांत रुळलेली चूक आहे. त्याने रक्तपुरवठा तुटतो आणि घोणस-फुरशाचे विष एकाच जागी साचून मांस सडवते. आधीच कोणी बांधले असेल, तर तो बंध डॉक्टरांसमोरच सोडावा. एकदम सोडल्यास अडलेले विष झपाट्याने अंगात पसरू शकते. ब्लेडने चिरणे, विष चोखणे, बर्फ लावणे यांनी इजाच वाढते. कडुनिंबाचा पाला कडू लागतो का हे पाहण्यात किंवा मांत्रिकाकडे बसण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. अशा माणसांपैकी काही बरी होतात, कारण चावलेला साप बिनविषारी असतो किंवा विषारी सापाने विष सोडलेलेच नसते. साप मारून सोबत नेण्याचीही गरज नाही. मेलेल्या सापाचे डोके प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते, आणि भारतात वापरली जाणारी प्रतिविष लस या चारही सापांवर एकच आहे.

ही लस घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या, विषाला बांधणाऱ्या प्रतिपिंडांपासून (अँटिबॉडी) बनवतात. तमिळनाडूतील साप पकडण्यात वाकबगार असलेल्या इरुळा समाजाची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था यासाठी विष पुरवत आली आहे. मुलाला आणि मोठ्या माणसाला मात्रा सारखीच देतात, कारण समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. लस रक्तात फिरणारे विष बांधते, झालेली हानी भरून काढत नाही. त्यामुळे वेळ महत्त्वाची.

मण्यारीचा दंश यात सर्वांत फसवा. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना व सूज जवळजवळ नसते आणि खूणही कित्येकदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखत असल्याची तक्रार आणि मिटू लागलेल्या पापण्या, एवढ्यावरूनही तिचा संशय घ्यावा. अशा रुग्णाच्या चेतांची टोके पुन्हा तयार होईपर्यंत त्याला कृत्रिम श्वासावर काही दिवस ठेवावे लागते. तो डोळे उघडत नाही, बोटही हलवत नाही, पण पुष्कळदा शुद्धीवर असतो आणि खाटेभोवतीचे बोलणे त्याला ऐकू येत असते.