संख्यारेषेवरचे फुगे: प्राथमिक गणिताच्या ऑनलाइन खेळांची पार्श्वभूमी

पडद्यावर एक संख्यारेषा आणि तिच्यावर मध्येच कुठेतरी अडकवलेले फुगे. फुगा नेमका कोणत्या संख्येवर आहे याचा अंदाज बांधायचा आणि तो अपूर्णांक टाइप करायचा. बाण सुटतो आणि त्या संख्येवर जाऊन रुततो. अंदाज बरोबर असेल तर फुगा फुटतो. चुकला तर बाण तिथेच रुतून राहतो. आपण किती अलीकडे किंवा पलीकडे गेलो हे मुलाला डोळ्यांनी दिसते आणि त्यावरून ते पुढचा बाण मारते. ‘डार्ट्स’ नावाचा हा खेळ शॅरन डगडेल आणि डेव्हिड किबी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात तयार केला. तो ‘प्लेटो’ या संगणक प्रणालीवर चालायचा. डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीत पुढे ठिकठिकाणचे पडदे तारांनी एकाच मध्यवर्ती संगणकाला जोडले गेले. वेबचा जन्म अजून दूर होता, पण लांबच्या संगणकावरचा खेळ खेळत अपूर्णांक शिकणारी मुले तेव्हाच होती.

आज वेबवर असे खेळ शोधायला बसले तर ढीग सापडतो. वरवर सगळे सारखेच दिसतात, पण त्यांची घराणी दोन आहेत.

पहिले घराणे वस्तूंचे. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली आणि लाकडी गोल, घन, ठोकळे हेच शिकण्याचे साहित्य केले. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममध्ये सुरू झाले. त्यांच्या साहित्यात सुटा मणी म्हणजे एकक, तारेत ओवलेले दहा मणी म्हणजे दशक, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन. हजार हे एकापेक्षा किती मोठे, हे मुलाला हातातल्या वजनावरून कळते. पुढे जॉर्ज क्विझनेर या बेल्जियन शिक्षकाने १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या रंगीत कांड्या बनवल्या, आणि १९५२ मध्ये त्यांची पुस्तिका निघाल्यावर कॅलेब गाटेन्यो यांनी त्या देशोदेशी पोचवल्या. तीनची आणि चारची कांडी टोकाला टोक लावून ठेवली की सातची कांडी शेजारी बरोबर बसते. उत्तर बरोबर आहे की नाही हे कांड्याच सांगतात, शिक्षकाला विचारावे लागत नाही.

दुसरे घराणे यंत्राचे. सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात प्रश्न विचारून उत्तर तपासणारे यंत्र केले. ठरलेले गुण मिळाले की खाऊची गोळी बाहेर पडावी, अशी सोयही त्याला जोडता येत होती. आजच्या खेळांतली नाणी, तारे, बिल्ले बघताना मला ही गोळी हमखास आठवते. १९५३ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. सगळ्या मुलांना एकाच वेगाने जावे लागते आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कळायला दुसरा दिवस उजाडतो, हे त्यांना खटकले. त्यांनी तयार केलेल्या यंत्रात उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढचा प्रश्न येतच नसे. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सपीस यांनी हेच काम संगणकाला दिले. शाळेतले टेलिटाइप, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणारे टंकयंत्र, दूरध्वनीच्या तारेने विद्यापीठातल्या संगणकाला जोडलेले असे, मुले रोज थोडा वेळ त्यावर गणिते सोडवत, आणि प्रत्येकाच्या कामगिरीनुसार पुढच्या गणितांची काठिण्यपातळी बदलत असे. ‘प्रत्येकाला त्याच्या गतीने’ हे आज जाहिरातीत दिसणारे वाक्य इतके जुने आहे.

या घराण्याला घोकंपट्टीचे म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही. पाढे आणि एक अंकी बेरजा तोंडावर असल्या की मोठे गणित करताना डोके मोकळे राहते. त्यासाठी सराव हवाच, आणि चूक लगेच कळणे हा मुलाचा हक्क आहे. पण यंत्र चूक झाली एवढेच सांगायचे. ती का झाली, हे कांडी सांगायची तसे ते सांगत नसे.

१९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा आणली. पॅपर्ट आधी जिनिव्हात, मुले विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. तिच्यात मूल रेघ ओढत चालणाऱ्या कासवाला आज्ञा देते: इतकी पावले पुढे जा, इतके अंश वळ. चौरस काढायचा तर कोन किती, हे मुलालाच शोधावे लागते. एमआयटीत तयार होऊन २००७ मध्ये खुली झालेली स्क्रॅच ही याच वाटेवरची.

घरोघरी संगणक येऊ लागले तशी बाजारपेठ तयार झाली. १९८३ मध्ये ‘मॅथ ब्लास्टर’, १९८६ मध्ये ‘नंबर मंचर्स’. मुलांना हे खेळ मनापासून आवडले. पण त्याच्या आधीच, १९८० मध्ये, थॉमस मॅलोन यांनी स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात फार मोलाचा प्रश्न विचारला होता: खेळातली नेमकी कोणती गोष्ट मुलांना धरून ठेवते? त्यासाठी त्यांनी ‘डार्ट्स’चाच एकेक भाग काढून वेगवेगळ्या आवृत्त्या केल्या, कुठे संगीत नाही, कुठे फुगे नाहीत. नुसत्या ‘बरोबर-चूक’ या प्रतिसादापेक्षा खेळातल्या कल्पनेचा परिणाम मोठा निघाला, आणि मुलगे व मुली यांच्या आवडीही वेगळ्या निघाल्या. त्यांनी केलेला भेद मला अजून सगळ्यात उपयोगी वाटतो. काही खेळांत गणित आणि कल्पना एकमेकांत विणलेली असतात: बाण कुठे लागणार हे अपूर्णांकच ठरवतो. बाकीच्यांत गणित हा टोलनाका असतो. गणित सोडवा, मग गाडी पळवा. तिथे बेरजेऐवजी स्पेलिंग घातले तरी खेळात काही बदलत नाही.

१९९५ मध्ये जावा ही संगणकभाषा आली आणि ब्राउझरमध्येच हलत्या-बोलत्या गोष्टी चालवता येऊ लागल्या. तिथे वस्तूंचे घराणे पडद्यावर उतरले. युटा स्टेट विद्यापीठाने १९९९ मध्ये आभासी गणित साहित्याचा मोठा संग्रह उभारायला घेतला. त्यात दशकाची कांडी ओढून एककाच्या घरात आणली की तिचे आपोआप दहा सुटे होतात. लाकडी कांडीची अदलाबदल करावी लागते, ती फुटत नाही. वजाबाकीत ‘दशक सुटा केला’ म्हणजे काय झाले, हे इथे अक्षरशः घडताना दिसते. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये भौतिकशास्त्रासाठी सुरू झालेल्या ‘फेट’ प्रकल्पानेही पुढे अपूर्णांक आणि क्षेत्रफळाची साधने केली.

यातले बरेच काम नंतर अडचणीत आले. २०१० च्या आयपॅडवर फ्लॅश हे ब्राउझरमध्ये खेळ चालवणारे दुसरे तंत्र चालत नव्हते, क्रोम ब्राउझरने २०१५ मध्ये जावा चालवणारे प्लगइन बंद केले, आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधारच संपला. शिक्षकांनी वर्षानुवर्षे जपलेल्या वेबपत्त्यांच्या याद्या निकामी झाल्या. ज्यांच्याकडे पैसा आणि माणसे होती त्यांनी आपली साधने एचटीएमएल५ या प्लगइनशिवाय चालणाऱ्या वेब-तंत्रात नव्याने लिहिली. अनेक छोटे, निःशुल्क खेळ मागेच राहिले. या नुकसानीची पुरेशी हळहळ झाली नाही, असे मला वाटते.

रिकाम्या जागेत गुण, पातळ्या, बिल्ले आणि मासिक वर्गणीचे खेळ जोमाने आले. इथे १९७३ चा एक प्रयोग विसरू नये. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावली. नंतर ती मुले आपणहून कमी वेळ चित्रे काढू लागली.

दुसरीकडे चांगले कामही होत राहिले. अमेरिकेतल्या ‘एसटी मॅथ’मध्ये शब्द जवळजवळ नसतातच. जीजी नावाच्या पेंग्विनला वाट मोकळी करून द्यायची, आणि उत्तर चुकले तर वाट कुठे अडली ते तो चालताना दिसते. ॲना विल्सन आणि स्तानिस्लास देहान यांनी २००६ मध्ये गणित-अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘नंबर रेस’ हा मोफत खेळ मांडला. २००८ मध्ये गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांना आढळले, की १ ते १० आकडे ओळीने मांडलेला साधा पट थोडा वेळ खेळूनही बालवाडीच्या मुलांची संख्यांची जाण सुधारते. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटाने तसे होत नाही. हा पट पुठ्ठ्याचा होता.

कोणताही नवा खेळ वर्गात नेण्याआधी मी तो एकटी बसून खेळते आणि मुद्दाम चुकीची उत्तरे देते. काही खेळ लाल फुली दाखवतात, भोंगा वाजवतात आणि बरोबर उत्तर सांगून पुढे जातात. ते मी पाढ्यांच्या उजळणीला ठेवते, आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटे. काहींत माझी चूक पडद्यावर तशीच उभी राहते आणि तिच्याकडे बघून पुढचे उत्तर सुचते. त्यांना मी पूर्ण तास देते.