ऑइल सील नवीन टाकलं तरी तेल का गळतं?

गिअरबॉक्सच्या मोटरखाली तेलाचा डाग दिसला की आपण काय करतो, जुनं ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती बसून तेल आत अडवणारी रबरी रिंग) काढून दुकानात नेतो, दुकानदार त्यावरचं २५-४०-७ वाचतो (शाफ्ट २५ मिमी, बाहेरचा व्यास ४०, जाडी ७), नवीन काढून देतो, आणि आपण ते ठोकून बसवतो. मीही तेच केलं होतं. पंधरा दिवसांत परत डाग. दुसरं आणलं, तेही गळलं. मग शाफ्टवरून नख फिरवलं तेव्हा कळलं, सीलचा ओठ, म्हणजे आतली रबरी धार, जिथे टेकतो तिथे गोल खाच पडली होती, नख चक्क अडकत होतं.

रबरानं स्टील झिजतं यावर आधी विश्वासच बसत नाही. पण हिशोब करून बघा, २५ मिमीचा शाफ्ट १४४० आरपीएमने फिरतो म्हणजे ओठाखालून सेकंदाला जवळपास १.९ मीटर स्टील सरकतं, आठ तासांच्या शिफ्टमध्ये ५४ किलोमीटर! त्यात धूळ आणि तेलातला बारीक कीस रबरात रुतून बसला की तो ओठ पॉलिश पेपरसारखा शाफ्ट घासत राहतो.

आणि चांगलं सील कोरडं नसतंच. ओठ आणि शाफ्टमध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो, साधारण एक मायक्रॉनच्या आसपासचा, त्यावरच ओठ चालतो, तो थर नसेल तर रबर तापून कडक होतं आणि तडकतं. मग हे तेल बाहेर का येत नाही? कारण ओठाची धार दोन्हीकडून सारखी नसते, तेलाकडची बाजू जास्त उभी, हवेकडची पसरट, त्यामुळे शाफ्ट फिरताना ओठाखाली आलेलं तेल परत आत ढकललं जातं. मला तर हा इवलासा पंपच वाटतो. म्हणून सीलची ओठाभोवतीच्या स्प्रिंगची बाजू तेलाकडेच पाहिजे, उलटं बसवलं तर तोच पंप तेल बाहेर काढतो. शाफ्टवर पेपर मारताना तिरके ओरखडे पडले तरी तेच, ते आट्यांसारखं काम करतात.

बसवताना सगळ्यात जास्त सील कशानं फाटत असतील तर की-वेच्या (शाफ्टवर चावी बसवायच्या खाचेच्या) धारेनं. तिथे पातळ टेप गुंडाळा, ओठाला गिअरबॉक्समधलंच तेल लावा, आणि हातोडी थेट सीलवर मारू नका, वर सपाट प्लेट ठेवून सगळीकडून सारखं दाबत न्या, तिरकं गेलं की एका बाजूनं ओठ जास्त घासतो.

ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर जायची वाट) मात्र कुणी बघतच नाही. तो चोंदला की गिअरबॉक्स गरम झाल्यावर आत प्रेशर वाढतं, आणि साधं सील अर्ध्या बारच्या वरच्या प्रेशरसाठी बनवलेलंच नसतं. शिवाय साधं नायट्राइल रबर साधारण १०० डिग्रीपर्यंत टिकतं, जास्त तापणाऱ्या ठिकाणी व्हिटॉन (जास्त उष्णता सोसणारं रबर) घ्या, महाग पडेल पण घ्याच.

माझ्या हाउसिंगमध्ये (सील ज्या भोकात बसतं तिथे) जागा होती म्हणून तिसरं सील दोन मिमी बाहेर ठेवून बसवलं, म्हणजे ओठ खाचेवर न येता नव्या जागी आला (जागा नसेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात). ब्रीदर केरोसीननं धुतला. पहिले काही तास ओठाशी किंचित ओल दिसली, ती पुसली, त्यानंतर मोटरखालचा पुठ्ठा कोरडाच आहे.