पेन्शनीतला डीए: सोळा अंकांपासून अठ्ठावन्न टक्क्यांपर्यंत

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी साडेसहाला गेलात तर चालणारे कमी आणि बाकड्यावर बसलेलेच जास्त दिसतील, आणि जानेवारी किंवा जुलै उलटला की त्यांचा विषय एकच, "किती टक्के आला?" कोणी नोटप्रेसमधून रिटायर, कोणी झेडपीतून, कोणी पाटबंधारे खात्यातून. जीआरमध्ये पेन्शनरांना महागाईपोटी मिळणाऱ्या या रकमेला 'महागाई वाढ' म्हणतात, महागाई भत्ता म्हणजे डीए हा शब्द नोकरीतल्यांसाठी, पण बोलताना सगळे डीएच म्हणतात त्यामुळे मीपण तेच म्हणतो.

तर हा डीए जन्माला आला दुसऱ्या महायुद्धात. धान्य महागलं, पगारात भागेना, मग सरकारने मूळ पगाराला हात न लावता वेगळा भत्ता द्यायला सुरुवात केली, तात्पुरता म्हणून बरं का. युद्ध संपलं पण भाव काही परत खाली आले नाहीत आणि तात्पुरता भत्ता कायमचा होऊन बसला. १९५२ मध्ये काकासाहेब गाडगीळांची कमिटी नेमली, तिने यातला निम्मा भत्ता पगारात धरा असं सुचवलं, पुढे १९६६-६७ मध्ये याच डीएवर न्या. गजेंद्रगडकरांचा आयोग बसला. म्हणजे दिल्लीच्या या हिशोबात आपली मराठी माणसं बरीच होती, हे आपलं जाता जाता.

पण हे सगळं कामावर असलेल्यांसाठी. रिटायर झालेल्याची पेन्शन एकदा ठरली की ठरली, मधूनमधून सरकारला दया आली तर थोडीफार वाढ, बस. खरा बदल झाला तिसऱ्या वेतन आयोगाने, १९७३ मध्ये. त्यांनी सांगितलं की महागाईचा निर्देशांक सोळा अंकांनी वर गेला की पेन्शनीवर पाच टक्के वाढ द्या, मात्र कमीत कमी पाच रुपये आणि जास्तीत जास्त पंचवीस. आता बघा, ज्याची पेन्शन शंभर रुपये त्याला पाच मिळाले ते ठीक, पण हजार रुपयेवाल्याचे पाच टक्के म्हणजे पन्नास होतात आणि हातात पडणार पंचवीसच. आज हसू येतं, पण पेन्शन आणि बाजारभाव यांची गाठ नियमाने बांधली गेली ती इथे.

मग १७ डिसेंबर १९८२, नकारा केसचा निकाल. डी. एस. नकारा हे संरक्षण खात्यातून रिटायर झालेले, आणि सरकारने सुधारित पेन्शन दिली ती फक्त ३१ मार्च १९७९ ला किंवा नंतर रिटायर होणाऱ्यांना, आधीचे गेले वाऱ्यावर. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नाही आणि अशी तारखेची रेघ मारून पेन्शनरांचे दोन तुकडे करता येणार नाहीत. हा निकाल थेट डीएबद्दलचा नव्हता, लोक ते मिसळतात, पण पेन्शनर हात पसरण्याऐवजी हक्काने बोलायला लागले त्याला हा निकाल कारण, आणि म्हणूनच १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे करतात.

चौथ्या आयोगाने १९८६ पासून वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलै, हे पक्कं केलं, तेव्हाही मोठ्या पेन्शनीला महागाईची पूर्ण भरपाई नव्हती, ७५ नाहीतर ६५ टक्केच. पाचव्या आयोगाने सगळ्यांना सरसकट पूर्ण भरपाई दिली.

आता हा आकडा येतो कुठून? सिमल्याच्या लेबर ब्युरोकडून. औद्योगिक कामगारांसाठीचा महागाईचा निर्देशांक ते दर महिन्याला काढतात, त्यासाठी देशातली ८८ केंद्रं आहेत आणि त्यातलं एक चक्क नाशिक! म्हणजे इथल्या ठरलेल्या दुकानांतून तांदूळ, डाळ, तेल, कांदा यांचे भाव टिपले जातात आणि त्याचा एक बारीक धागा श्रीनगर ते केरळ सगळ्यांच्या पेन्शनीत जातो. बारा महिन्यांची सरासरी काढायची, सातव्या आयोगाचा पाया, म्हणजे सुरुवातीची सरासरी, २६१.४२ धरून त्यावर किती टक्के वाढ झाली ते बघायचं, पॉइंटनंतरचं सोडून द्यायचं. थोडक्यात ही पगारवाढ नाहीच, जे खर्च होऊन गेलं त्याची मागून केलेली भरपाई आहे. शेजारीपाजारी "मजा आहे बुवा तुमची" म्हणतात तेव्हा हे कोणाला समजावत बसणार.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. माझे सासरे नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर, त्यांनी पासबुक पुढे केलं आणि म्हणाले डीए चुकलाय. चुकला नव्हता. समजा बेसिक पेन्शन २०,००० आणि त्यातली ४० टक्के विकली, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे एकरकमी आधीच घेतले, तर उरली १२,०००, पण डीए लागतो तो पूर्ण २०,००० वर, म्हणजे जुलै २०२५ च्या ५८ टक्क्यांनी ११,६००, एकूण २३,६००. ते बारा हजारावर धरत होते आणि रक्कम जास्त आली म्हणून घाबरले होते, उद्या वसुली लागेल म्हणून!

कोरोनात मात्र दणका बसला. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते केंद्राने गोठवले, जुलै २०२१ पासून १७ चे एकदम २८ टक्के केले पण मधल्या अठरा महिन्यांचा फरक दिला नाही तो नाहीच. राज्यवाल्यांचं दुखणं वेगळं, केंद्राने आधी जाहीर करायचं आणि मग इथे जीआरची वाट बघायची. जुलै २०२४ पासूनच्या ५३ टक्क्यांचा राज्याचा जीआर निघाला फेब्रुवारी २०२५ मध्ये. फरक मिळतो, पण तोवर किराणावाला थोडाच थांबतो.

केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना पेन्शन आणि महागाईची ही गाठच नव्हती, एनपीएस या नव्या पेन्शन योजनेच्या ॲन्युइटीवर, म्हणजे साठलेल्या पैशातून दरमहा मिळणाऱ्या रकमेवर, डीए नाही. मार्च २०२३ चा 'एकच मिशन, जुनी पेन्शन' संप आठवत असेल, त्याच्या मुळाशी हे होतं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या यूपीएस या पेन्शन योजनेत केंद्राने महागाईची वाढ परत आणली. आठव्या आयोगाचं कामही न्या. रंजना देसाईंकडे दिलंय, त्यामुळे ट्रॅकवर नवीन चर्चा, डीए शून्यावर येणार म्हणे. येणारच, दर आयोगाला तो बेसिकमध्ये जातो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

आमच्या बाकड्यावर एक काका आहेत, सातपूरच्या कंपनीतून २००९ मध्ये रिटायर, ईपीएस-९५ वाले, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेतले. त्या योजनेत डीए नाही, २०१४ मध्ये किमान हजार रुपये केले तेवढंच. काकांना तेव्हा १,६४० बसली होती, आजही १,६४०. "किती टक्के आला" सुरू झालं की ते मफलर नीट करतात आणि अजून एक राउंड मारायला निघून जातात.