स्क्रीनवर वेळ बरोबर, तरी सर्व्हर म्हणतो चूक

मे महिन्यात ऑफिसात एक नवीन लॅपटॉप सेट केला, सगळं नीट चालू होतं पण सर्व्हरवरचं शेअर फोल्डर काही उघडेना. मेसेज काय, तर तुमच्या आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे. आता लॅपटॉपचं घड्याळ मोबाईल शेजारी धरून बघितलं, अगदी मिनिटाला मिनिट जुळत होतं. मग अर्धा तास केबल, पासवर्ड, अँटीव्हायरस, सगळ्यांवर संशय घेऊन झाला आणि शेवटी कळलं की लॅपटॉपचा टाइम झोन अमेरिकेतला, पॅसिफिकचा राहिला होता, आणि आमच्याच एका पोराने झोनला हात न लावता नुसती वेळ बदलून स्क्रीनवर भारताची वेळ आणून ठेवली होती. वर टाइम सर्व्हिस बंद, नाहीतर ते आपोआप सुधारलं असतं.

गंमत अशी की कॉम्प्युटर एकमेकांशी बोलताना भारताची वेळ, अमेरिकेची वेळ असं काही बोलतच नाहीत. आत सगळा कारभार यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत, भारतासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचं काम फक्त आपल्याला दाखवताना होतं. पॅसिफिकची वेळ मे महिन्यात यूटीसीच्या सात तास मागे, त्यात आपले साडेपाच, म्हणजे आमचा लॅपटॉप दिसायला बरोबर आणि आतून चक्क साडेबारा तास पुढे होता! आणि विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसातली सगळी मशीन एकत्र सांभाळायच्या व्यवस्थेत, लॉगिनसाठी ओळख पटवणारं जे कर्बेरॉस वापरतात ते ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. हा हट्ट उगाच नाही, कुणी जुनी रिक्वेस्ट नेटवर्कवरून चोरून नंतर पुन्हा पाठवली तर ती शिळी आहे हे वेळेवरूनच ओळखता येतं.

बरं, एकदा वेळ लावली की झालं असंही नाही. मशीनमधलं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं, सेकंदाला ३२,७६८ कंपनं, आणि स्फटिक तापमानाप्रमाणे थोडा पुढेमागे होतो. दहा लाखात २० चा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला पावणेदोन सेकंद होतात आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट. एक मशीन पुढे पळतंय, दुसरं मागे राहतंय, मग दोन सर्व्हरचे लॉग, म्हणजे कधी काय झालं त्याच्या नोंदी, शेजारी ठेवून आधी काय बिघडलं ते शोधायला बसा, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर आलेला दिसतो.

यावर उपाय म्हणजे एनटीपी, नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत. अमेरिकेतल्या डेलावेअर युनिव्हर्सिटीच्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास आणलेला हा प्रोटोकॉल अजून चालतोय. यातली खरी अडचण वेळ विचारण्यात नाहीये, उत्तर येईपर्यंत ते शिळं होतं ही अडचण आहे.

समजा घरातलं घड्याळ बिघडलंय म्हणून पोराला शेजारच्या काकांकडे वेळ बघायला पाठवलं. निघाला तेव्हा आपल्या घड्याळात १०:००. पोचला तेव्हा काकांच्या घड्याळात १०:१२, तिथे लाडू खाल्ला, निघताना १०:१५. घरी आला तेव्हा आपल्याकडे १०:०९. म्हणजे एकूण ९ मिनिटं बाहेर, त्यातली ३ लाडवात गेली, उरली ६, जायला ३ यायला ३. तो पोचला तेव्हा आपल्याकडे १०:०३ असणार आणि काकांकडे तर १०:१२, म्हणजे आपण ९ मिनिटं मागे. बास, एनटीपी हेच करतं, फक्त मिलिसेकंदात. आणि यातली मेखही बघा, जायला यायला सारखाच वेळ लागतो हे आपण धरून चाललोय. जाताना उतार आणि येताना चढ असेल तर उत्तर चुकणार, नेटवर्कवर एका बाजूला ट्रॅफिक तुंबला की नेमकं हेच होतं.

फरक कळला म्हणून घड्याळ धाडकन मागे ओढायचं नसतं, नाहीतर आत्ता सेव्ह केलेली फाइल भविष्यातली होऊन बसते. फरक १२८ मिलिसेकंदाच्या आत असेल तर एनटीपीचं मूळचं सॉफ्टवेअर (ntpd) आपलं घड्याळ जरासं हळू किंवा जलद चालवून तो जिरवतं, जास्तीत जास्त दहा लाखात ५०० च्या वेगाने. शिवाय आपला स्फटिक किती पळतो हे ते शिकून ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहून ठेवतं, हे मला सगळ्यात आवडतं.

ऑफिसात प्रत्येक मशीनने बाहेर विचारत बसायची गरज नाही. आतली एक-दोन मशीन बाहेर विचारतात, बाकीचे त्यांना. बाहेर म्हणजे कुणाला, तर सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरला, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्याला. भारताची प्रमाणवेळ या प्रयोगशाळेतली अणुघड्याळं सांभाळतात.

विंडोज डोमेनमध्ये सगळी साखळी पीडीसी एम्युलेटर नावाच्या एका सर्व्हरपाशी येते आणि तिथेच लोक फसतात. तो सर्व्हर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेलं मशीन, असेल तर तो बऱ्याचदा वेळ त्या बाहेरच्या मशीनला, होस्टला, विचारतो, आणि होस्ट डोमेनमध्ये असेल तर तो उलट त्यालाच विचारतो. दोघं एकमेकांना विचारत हातात हात घालून चुकत जातात आणि कुठेही एरर येत नाही. म्हणून त्या सर्व्हरवर टाइम सोर्स कोणता हे विचारणारी कमांड एकदा मारून बघा, उत्तरात लोकल सीमॉस क्लॉक आलं तर तो कोणालाच विचारत नाहीये, स्वतःच्याच स्फटिकावर भरवसा ठेवून बसलाय.