निश्तामाल

निश्तामाल : चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, त्याच पाण्यात रात्रभर मुरवून धुतलेला मका. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील लोकांच्या रोजच्या जेवणाचा हा पाया असून तोर्तिया (पातळ भाकरी), तामाल (पानात गुंडाळून वाफवलेला पिठाचा गोळा), पोसोले (अख्ख्या दाण्यांचा रस्सा) हे पदार्थ त्यापासूनच होतात. आस्तेकांचे राज्य १५२१ मध्ये बुडाले, धर्म बदलला, स्पॅनिश ही राज्याची भाषा झाली. पण मका चुन्यात शिजवण्याची रीत खंडित झाली नाही. मेक्सिकन लोकांच्या इतिहासात इतका लांब चालत आलेला दुसरा धागा दाखवणे अवघड आहे.

नाव नाहुआत्ल, म्हणजे आस्तेकांच्या, भाषेतले आहे. सोळाव्या शतकातील नोंदींत ते ‘नेश्तामाल्ली’ असे येते. त्यातील नेश्त्ली म्हणजे राख व तामाल्ली म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा. याच भाषेत चुन्याला तेनेश्त्ली, म्हणजे ‘दगडाची राख’, म्हणतात. यावरून आधी लाकडाची राख वापरात होती व चुना मागाहून आला, असे सुचवले जाते. मात्र नाहुआत्ल भाषक मध्य मेक्सिकोत प्रबळ झाले ते ही रीत रुळल्यानंतर पुष्कळ काळाने. त्यामुळे शब्दाच्या व्युत्पत्तीवर फार भार टाकता येत नाही.

उगमाचा काळ वादग्रस्त आहे. तेओसिंते या रानगवतापासून मका माणसाळला तो नैर्ऋत्य मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सु. ९,००० वर्षांपूर्वी. गेरेरो राज्यातील एका शैलाश्रयात दळणाच्या दगडांवर मिळालेले मक्याचे पिष्टकण सु. ८,७०० वर्षांपूर्वीचे मानतात. चुन्याचा पुरावा याच्या पुष्कळ नंतरचा आहे. ग्वातेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावरील इ. स. पू. सु. १५००–१२०० या काळातील साहित्य सर्वांत जुने म्हणून सांगितले जाते. माया प्रदेशात इ. स. पू. सु. १००० च्या सुमाराची भोके पाडलेली मातीची भांडी मिळतात. ती निश्तामाल धुण्याची चाळणी असावीत, असे काही अभ्यासक मानतात. परंतु बेलीझमधील सांगाड्यांच्या समस्थानिक-परीक्षणावरून (हाडांतील मूलद्रव्यांच्या प्रकारांवरून आहार ओळखण्याच्या पद्धतीवरून) तेथे सु. ४,००० वर्षांपूर्वीच मका हे मुख्य अन्न झाले होते, असे दिसते. म्हणजे मधली काही शतके लोक चुन्याविना मक्यावर जगले, की चुन्याची वा राखेची रीत पुराव्यापेक्षा जुनी आहे? घेवडा, भोपळा व मिरची सोबत असल्यास पहिली शक्यता नाकारता येत नाही. तरीही दुसरी अधिक पटते, कारण राखेचे पाणी मडक्यावर फारशी खूण ठेवत नाही. पुराव्याचा अभाव येथे निर्णायक नाही.

ही रीत का रुळली याविषयीही दोन मते आहेत. १९७४ मध्ये अमेरिका खंडांतील ५१ समाजांची तुलना प्रसिद्ध झाली. ज्यांचे जीवन मक्यावर अवलंबून होते त्यांच्यात चुना, राख यांसारखी अल्कली वापरून मका शिजवण्याची रीत आढळते, असे तीत दिसले. त्यावरून पोषणाचे कारण पुढे आले. पण पोषणाचा लाभ डोळ्यांना दिसत नाही. साल सुटते, दळण हलके होते आणि पीठ चिकटून येते, हे मात्र पहिल्याच दिवशी हाताला कळते. रुळण्याचे कारण हे व टिकण्याचे कारण ते, असे मानणे योग्य ठरेल.

कृती : सुक्या मक्याच्या १ किलोला २.५ ते ३ लिटर पाणी आणि सु. १० ग्रॅम विझवलेला चुना, म्हणजे मक्याच्या वजनाच्या १ टक्का, घेतात. चुनकळी असेल तर ती आधी वेगळ्या भांड्यात विझवून निवू देतात. चुना खाण्याचा हवा, बांधकामाचा चालत नाही. उघडा राहिलेला जुना चुना हवेतील कर्बवायू शोषून निकामी होतो. माप बरोबर असूनही साल सुटत नाही तेव्हा बहुधा हेच कारण असते. भांडे मातीचे, मुलाम्याचे किंवा स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमला चुना खातो.

मका उकळीच्या किंचित खाली ३० ते ६० मिनिटे ठेवतात. दाणा जुना व कडक असल्यास दीड तासही लागतो. दाणा पिवळा पडून साल अंगठा-तर्जनीत चोळताच सरकली, पण दाणा तोडल्यावर मध्ये पांढरा कच्चा ठिपका दिसला, की विस्तव काढतात. मग झाकून ८ ते १४ तास मुरू देतात. वरचे पिवळट पाणी, ‘नेहायोते’, ओतून दाणे दोन-तीन पाण्यांनी धुतात. तोर्तियासाठी सगळी साल काढत नाहीत. विरघळत्या सालीचा डिंक पिठाला ताण देतो. पोसोलेसाठी मात्र साल पूर्ण काढून दाण्याचे टोकही खुडतात, म्हणजे तो शिजताना फुलासारखा उमलतो.

धुतलेला दाणा मेतातेवर वाटतात. हा आपल्या पाट्याचाच प्रकार, पण तीन पायांचा व पुढे उतरता. गुडघे टेकून दगडी लाटणे दोन्ही हातांनी पुढे रेटायचे. वाटून होणाऱ्या ओल्या पिठाला ‘मासा’ म्हणतात. गोळी दाबल्यावर कड चिरली तर पाणी कमी आहे. हाताला चिकटली तर मका जास्त शिजला आहे. चुना जास्त झाल्यास तोर्तिया पिवळी, कडवट व साबणासारखी लागते. तापलेल्या कोमालवर, म्हणजे तव्यावर, पहिली बाजू सु. अर्धा मिनिट, दुसरी मिनिटभर भाजून पुन्हा उलटली की ती फुगते. फुगली नाही तर तवा थंड आहे, पीठ कोरडे आहे किंवा दळण जाडे आहे. मातीच्या कोमालला आधी चुन्याचे पाणी पुसतात, म्हणजे तोर्तिया चिकटत नाही. चुना न लावलेल्या मक्याच्या पिठाची भाकरी उकळते पाणी घालून थापली तरी कडेने चिरते; त्यावरून हा फरक समजतो.

अल्कलीमुळे सालीतील हेमिसेल्युलोज विरघळते, पिष्ट अंशतः फुगते आणि दाण्यात कॅल्शियम शिरते. महत्त्वाचे म्हणजे मक्यातील बद्ध नायसिन हे ब-गटातील जीवनसत्त्व मोकळे होऊन शरीराला मिळते. कोलंबसानंतर मका युरोपात व पुढे आफ्रिकेत गेला तो एकटाच; त्याच्यासोबत ही रीत गेली नाही. स्पेनमध्ये १७३५ मध्ये गास्पार कासाल या वैद्याने वर्णिलेला पेलाग्रा हा नायसिनच्या अभावी होणारा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पुढे दोन शतके छळत राहिला. मेक्सिकोतील मका खाणाऱ्या खेड्यांत तो विरळाच होता. (दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्यांतही पेलाग्रा आढळला. हैदराबादेतील सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील जादा ल्यूसिन या अमिनो आम्लाशी जोडला. ते मत सर्वमान्य नाही.)

तोर्तिया तामालपेक्षा उशिराची असावी. वाहाकाच्या खोऱ्यात कोमाल इ. स. पू. सु. ५०० पासून आढळतात, तर अभिजात काळातील (इ. स. सु. २५०–९००) माया लोकांत तामालचाच भर दिसतो. कोदेक्स मेंदोसा (सु. १५४१) या चित्रपोथीत तेरा वर्षांची मुलगी मेतातेपुढे गुडघे टेकून दळते आहे, आई समोर बसून शिकवते आहे, आणि तिचा वाटा म्हणून दोन तोर्तिया काढल्या आहेत. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या स्त्रियांनी सांभाळली त्यांची लेखी नोंद याहून फारशी नाही. स्पॅनिश अमदानीत गहू प्रतिष्ठेचा व मका इंडियनांचा ठरला. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन राजकारणी लेखकाने देशाच्या मागासलेपणाचे खापर मक्यावर फोडले. निश्तामालचे गुण लक्षात घेता हा आरोप निराधार होता.

मेतातेवर कुटुंबाचे दळण रोज चार-पाच तास खाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निश्तामालच्या गिरण्या आल्या. १९४९ पासून नुएवो लेओन राज्यातील सेराल्वो येथे निश्तामालचे कोरडे पीठ कारखान्यात होऊ लागले. पीठ टिकते, ओला मासा दिवसभरात आंबतो. म्हणून शहरांत पीठ पसरले. चवीत मात्र ओला मासाच सरस मानतात. मक्याची ही परंपरा धरून मेक्सिकन पाकपरंपरेला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. गिरण्यांची आजची अडचण नेहायोतेची आहे. त्याचा सामू ११–१२ च्या घरात असतो व त्यात सालीचा लगदा असतो. म्हणून ते गाळून व उदासीन करूनच गटारात सोडावे लागते.