कागदावर शून्य झालेली वीज: हरित दाव्यांची पार्श्वभूमी

उद्योग आणि वस्त्या पर्यावरणपूरक कशा होत गेल्या, याचा इतिहास सहसा १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेपासून सांगितला जातो. ही नोंद मात्र मुख्यत्वे गेल्या पंचवीस वर्षांची आहे. ‘आमचा कारभार शंभर टक्के अक्षय ऊर्जेवर चालतो’ यासारखे दावे आज ज्या हिशेबाच्या आधारे केले जातात, त्याचे नियम याच काळात ठरले. ते ठरवताना घेतलेल्या एका निर्णयाचा परिणाम अनेक कायद्यांच्या परिणामापेक्षा मोठा ठरला, असे म्हणता येते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येईल. १९७५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या उत्पादक कंपनीने प्रदूषण मुळातच टाळल्यास पैसा वाचतो, हे सूत्र धरून अंतर्गत कार्यक्रम सुरू केला, आणि पर्यावरण म्हणजे निव्वळ खर्च हा समज तिथून ढिला पडू लागला. पश्चिम जर्मनीत १९७८ मध्ये वस्तूंसाठी सरकारमान्य पर्यावरण चिन्ह आले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर रासायनिक उद्योगाने कॅनडात स्वतःसाठी आचारसंहिता तयार केली, तर अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने कारखान्यांना विषारी द्रव्यांच्या उत्सर्जनाचे आकडे दरवर्षी उघड करण्यास भाग पाडले. १९९१ मध्ये जर्मनीने वेष्टनांचा कचरा परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. १९९६ मध्ये आलेले आयएसओ १४००१ हे मानक जगभर पसरले, पण ते व्यवस्थापनाची पद्धत तपासते. किती प्रदूषण चालेल याचा आकडा ते ठरवत नाही. त्यामुळे भिंतीवर प्रमाणपत्र आणि मागे तितकाच धूर, अशी स्थिती नियमात बसू शकत होती.

१९९७ च्या क्योटो करारानंतर प्रश्न बदलला. देशांचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन मोजले जाऊ लागले, तसे कंपन्यांचेही मोजावे अशी मागणी पुढे आली आणि २००१ मध्ये त्यासाठीच्या जागतिक हिशेबपद्धतीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिने उत्सर्जनाचे तीन कप्पे केले. कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या, बॉयलर आणि वाहनांतून होणारे उत्सर्जन पहिल्या कप्प्यात, विकत घेतलेल्या विजेचे आणि वाफेचे दुसऱ्यात, आणि कच्च्या मालापासून ग्राहकाने केलेल्या वापरापर्यंतचे बाकी सगळे तिसऱ्यात. बहुतेक कंपन्यांचे सर्वात मोठे उत्सर्जन तिसऱ्या कप्प्यात असते, पण ते मोजणे अवघड असते आणि त्यावर कंपनीचा ताबाही थोडा असतो. पहिला कप्पा कमी करायचा तर यंत्रे बदलावी लागतात. दुसऱ्या कप्प्याचे तसे नव्हते, आणि पुढचा सगळा वाद तिथेच झाला.

ग्रिडमधून येणारी वीज औष्णिक केंद्रातून आली की धरणावरून, हे प्लगपाशी ओळखता येत नाही. म्हणून सुरुवातीला सरळ पद्धत अशी होती की ज्या ग्रिडमधून वीज घेतली, तिचे सरासरी उत्सर्जन गुणिले वापरलेली युनिटे. याच सुमारास युरोपात २००१ च्या निर्देशाने ‘उगमाची हमी’ देणारी प्रमाणपत्रे सुरू झाली आणि अमेरिकेतील काही राज्यांतही तशीच व्यवस्था उभी राहिली. अक्षय स्रोतातून १ मेगावॅट-तास (म्हणजे हजार युनिट) वीज तयार झाली की एक प्रमाणपत्र निघते आणि ते प्रत्यक्ष विजेपासून वेगळे करून विकता येते. कंपन्या ही प्रमाणपत्रे घेऊन दुसऱ्या कप्प्यात शून्य लिहू लागल्या. हे मान्य करायचे की नाही, यावर अनेक वर्षे चर्चा चालली आणि २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तोडगा निघाला: दोन्ही आकडे द्यावेत, एक ग्रिडच्या सरासरीवरून आणि दुसरा खरेदीच्या करारांवरून.

तोडगा ऐकायला समतोल वाटतो. पण कपातीचे लक्ष्य कोणत्या आकड्यावर मोजायचे, याची निवड कंपनीकडे राहिली. आणि दोन आकड्यांपैकी लहान आकडा अहवालाच्या मुखपृष्ठावर, तर मोठा परिशिष्टात जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. निर्णयाच्या बाजूने असलेला युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. स्वच्छ विजेसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला हिशेबात काहीच श्रेय मिळाले नाही, तर तो पैसे कशाला मोजेल, हा प्रश्न रास्त होता. अडचण वेगळीच होती. युरोपात ही प्रमाणपत्रे अनेक वर्षे मेगावॅट-तासाला एखाद्या युरोच्या आतबाहेर मिळत होती, आणि त्यातली मोठी संख्या दशकांपूर्वी बांधलेल्या जलविद्युत केंद्रांची होती. ती विकली गेली नसती तरी ती केंद्रे तेवढीच वीज तयार करणार होती. शिवाय प्रमाणपत्र बारा महिने चालत असल्यामुळे जूनमधल्या दुपारची सौरवीज जानेवारीतल्या मध्यरात्रीच्या वापरासमोर मांडता येत होती.

याचा विचित्र परिणाम नॉर्वेत दिसतो. तिथे तयार होणारी जवळपास सगळी वीज जलविद्युत आणि पवनऊर्जेची आहे. पण तिची प्रमाणपत्रे मोठ्या प्रमाणावर इतर देशांत विकली जातात, म्हणून प्रमाणपत्र न घेणाऱ्या स्थानिक ग्राहकाच्या विजेचे अधिकृत विवरण पाहिले तर तीत बहुतांश वाटा जीवाश्म इंधन आणि अणुऊर्जेचा दिसतो. धबधब्याखाली राहणाऱ्याच्या हिशेबात कोळसा येतो आणि कोळशाच्या ग्रिडवर चालणाऱ्या दूरच्या कार्यालयाच्या हिशेबात धबधबा. आइसलँडमध्ये तर मुख्य भूमीशी जोडणारी विजेची तारही नाही, तरी प्रमाणपत्रांची निर्यात होत होती. तिथले काही मोठे वीजग्राहक आपण अक्षय ऊर्जेवर चालतो असे सांगत होते आणि त्याच विजेची प्रमाणपत्रे बाहेर विकली जात होती. या दुहेरी मोजणीच्या शंकेवरून २०२३ मध्ये ती निर्यात काही काळ थांबवण्यात आली.

२०२२ मध्ये एका संशोधनपत्रिकेत ११५ कंपन्यांच्या आकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्रांचा असाच वापर चालू राहिला, तर या कंपन्यांनी दुसऱ्या कप्प्यासाठी जाहीर केलेल्या कपातीपैकी ४२ टक्के कपात प्रत्यक्ष हवेत होणारच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. टीका आधीपासून होतीच. तिला आकडा मिळाला.

याचा अर्थ सगळ्याच कंपन्यांनी स्वस्तातली वाट धरली असा नाही. काहींनी नव्या पवन किंवा सौर प्रकल्पाशी दहा-पंधरा वर्षांचे खरेदी करार केले. या कराराच्या बळावर प्रकल्पाला बँकेचे कर्ज मिळते आणि तो उभा राहतो. म्हणजे ग्रिडमध्ये खरोखरच नवी वीज येते. २०२० मध्ये एका बड्या तंत्रज्ञान कंपनीने त्याही पुढे जाऊन, आपली डेटा सेंटर २०३० पर्यंत प्रत्येक तासाला त्याच ग्रिडवरील कार्बनमुक्त विजेवर चालवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. हिशेबाच्या तक्त्यात मात्र हे प्रयत्न आणि जुन्या धरणाचे प्रमाणपत्र यांना सारखेच शून्य मिळत राहिले. २०१५ च्या निर्णयाचा खरा दोष इथे आहे.

समुदायांचा मार्ग वेगळा होता, तरी हिशेबाचा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. १९९२ च्या रिओ परिषदेने स्थानिक संस्थांना रहिवाशांशी चर्चा करून शाश्वत विकासाचा आपापला आराखडा करायला सांगितले आणि असंख्य शहरांनी तो केला. त्यातले बरेच आराखडे कपाटात राहिले. डेन्मार्कमधील साम्सो या सुमारे चार हजार वस्तीच्या बेटाने १९९७ मध्ये अक्षय ऊर्जेचे बेट होण्याची सरकारी स्पर्धा जिंकली. पुढच्या काही वर्षांत तिथे जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि गवताचा पेंढा जाळून घरे तापवणारी सामायिक केंद्रे आली. पवनचक्क्यांची मालकी शेतकरी, छोटे भागधारक आणि पालिका यांच्यात वाटलेली होती, त्यामुळे दारात पवनचक्की नको म्हणून इतरत्र होतो तसा विरोध इथे फारसा टिकला नाही. बेटावर मोटारी आणि फेरीबोटी मात्र इंधनावरच चालत होत्या. समुद्रातल्या १० पवनचक्क्यांची मुख्य भूमीला जाणारी वीज या वाहतुकीच्या बदल्यात धरायची, असे ठरले. म्हणजे वजावट इथेही आहे. फरक एवढाच, की त्या वजावटीसाठी नवी यंत्रे उभारली गेली.

जपानमधील कामिकात्सु या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याचे धोरण जाहीर केले आणि रहिवासी कचरा अनेक प्रकारांत वेगळा करू लागले; पुढे या प्रकारांची संख्या ४५ पर्यंत गेली. तिथे प्रमाणपत्राचा प्रश्नच आला नाही, कारण प्रत्येक बाटली स्वतः धुऊन केंद्रावर न्यावी लागते. पण दीड हजार लोकांच्या गावाला जमते ते महानगराला जमेल का, ही शंका कायम आहे.

अलीकडच्या काळात निर्णय स्वेच्छेकडून कायद्याकडे सरकू लागले आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या निर्देशानुसार, दुसरीकडे झाडे लावून किंवा प्रकल्पांना पैसे देऊन केलेल्या भरपाईच्या आधारावर एखादी वस्तू ‘कार्बन न्यूट्रल’ आहे असे ग्राहकाला सांगता येणार नाही. ही बंदी सप्टेंबर २०२६ पासून लागू होण्याचे ठरले. विजेच्या हिशेबाचे नियमही पुन्हा लिहिले जात आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सूचनांसाठी खुल्या केलेल्या मसुद्यात, स्वच्छ विजेचा दावा तासागणिक जुळला पाहिजे आणि ती वीज वापरणाऱ्याच्या ग्रिडपर्यंत पोहोचू शकणारी असली पाहिजे, अशा दोन अटी सुचवल्या आहेत. लहान ग्राहकांना तासागणिक जुळवणीतून सवलत असावी आणि आधी झालेल्या दीर्घ करारांना संरक्षण मिळावे, हेही चर्चेत आहे. या सवलती किती रुंद ठेवल्या जातात, यावर आज शून्य दाखवणाऱ्या किती कंपन्यांना नवा आकडा लिहावा लागेल, हे ठरणार आहे.